केंब्रिजला मुक्काम, जुनी बाजारपेठेची गावं बघायची आहेत: कुठली आणि कशी?

केतकी_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरचा जवळजवळ पूर्ण महिना बाबांना घेऊन बडोद्याहून दादाकडे केंब्रिजला राहायचंय. दादा-वहिनी दोघंही नोकरीवर, त्यामुळे आठवडाभर आम्ही बापलेकच मोकळे. लंडन बाबांना नको आहे. "गर्दीच बघायची तर मंगळ बाजार काय वाईट," हे त्यांचं उत्तर. त्यांना बघायचीत ती जुनी बाजारपेठेची गावं. चौकात अजून आठवडी बाजार भरतो, मधोमध जुनं मार्केट हाउस, चार पावलांवर चर्च, अशी.

बाबा एकाहत्तर वर्षांचे, कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. इमारत दिसली की हा माणूस आधी तिचा सांगाडा शोधतो. तांबेकर वाड्यात सगळे भिंतींवरची चित्रं बघत असतात, तेव्हा बाबा मान वर करून तुळई कुठे टेकली आहे ते बघत हिंडतात. त्यामुळे नुसतं 'सुंदर' असून भागणार नाही.

नेटवर 'इंग्लंडमधली दहा देखणी गावं' छापाच्या याद्या चाळून झाल्या. सगळीकडे तेच फोटो, दारावर टांगलेल्या त्याच फुलांच्या कुंड्या, आणि अर्धी गावं केंब्रिजपासून चार-चार तासांवर. आमच्याकडे गाडी नाही, आगगाडी आणि बस एवढंच. बाबा चालतात छान, पण जिना आला की उजवा गुडघा कुरकुरतो. खाणं शाकाहारी. केकमधलं अंडं चालतं, त्यापलीकडे नाही.

दादाचं मत असं की एक गाव बघितलं की सगळी बघितली. कोणी ही गावं निवांत बघितली असतील तर सांगा ना: कुठली, कुठल्या वाराला, आणि गेल्यावर नेमकं काय बघायचं?

मनोहरकाका_वाडी

केतकी, तुझा दादा बहुतेक रविवारी फिरत असणार. रविवारी ही सगळी गावं खरंच सारखी दिसतात: चर्च, चौक, कॉफीचं दुकान आणि बाकी कुलपं. बाजाराच्या दिवशी जा.

मी पालिकेत बाजार-वसुलीला होतो. उभी हयात पावत्या फाडण्यात गेली, त्यामुळे माझी नजर तिरकी आहे हे आधीच सांगतो. मुलगी इप्सविचला असते. तिच्याकडे गेलो की लोक किल्ले बघतात, मी ओटे बघतो. कुठल्याही बाजाराच्या गावात शिरलो की माझा पहिला प्रश्न एकच: इथले पैसे कोण गोळा करायचा? त्याचं उत्तर मिळालं की चर्च कुठे, चौक तिरका का, गल्ली अरुंद का, सगळं उलगडत जातं.

तिकडे बाजार भरवणं हा हक्क होता आणि तो राजाच्या सनदेनं मिळायचा. कुणाला सरदार म्हणून, कुणाला मठ म्हणून. हक्क ज्याचा, त्याला विक्रीवर जकात, बैठकीचे वेगळे पैसे, आणि पाल उभारायला जमिनीत खांब रोवला तर खणल्याचे आणखी वेगळे! मी हे वाचलं तेव्हा मनातल्या मनात त्या कारकुनाला नमस्कार केला. बाजारातली भांडणं तिथल्या तिथे मिटवायला वेगळी कचेरी असायची, कारण व्यापारी दुसऱ्या दिवशी भलत्याच गावी असणार. तारीख-पे-तारीख परवडणारी नव्हती.

आणि दोन बाजारांत अंतर किती असावं? तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन नावाच्या कायदेपंडितानं हिशेब मांडून ठेवलाय. माणूस दिवसाला वीस मैल चालतो. त्यातला एक तृतीयांश दिवस जायला, एक तृतीयांश खरेदी-विक्रीला, उरलेला उजेडात घरी परतायला. म्हणजे साधारण पावणेसात मैलांच्या आत दुसऱ्यानं बाजार थाटला तर तो शेजाऱ्याला उपद्रव. नकाशावर ही गावं अशी ठरावीक अंतरानं पेरल्यासारखी दिसतात, त्यामागे हे पायी चालणाऱ्याचं गणित आहे. बाबांना सांग, पट्टी घेऊन मोजतील.

आता गावं.

बेरी सेंट एडमंड्स. केंब्रिजहून थेट आगगाडी, पाऊण तासाच्या आत. बाजार बुधवार आणि शनिवार. निम्मा मुक्काम याच गावावर खर्च केलात तरी चालेल. इथे बाजाराचा धनी होता मठ. नॉर्मन लोक आल्यानंतर बाल्डविन नावाच्या मठाधिपतीनं हे गाव काटकोनात आखलं. १०८६च्या डोम्सडे खानेसुमारीत चक्क नोंद आहे की पूर्वी जिथे नांगर चालायचा तिथे आता ३४२ घरं उभी आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची टाउन प्लॅनिंग स्कीम! बाबांना चर्चगेट स्ट्रीटच्या वरच्या टोकाला उभं कर आणि खाली बघायला सांग. रस्ता सरळ नॉर्मन टॉवरच्या कमानीत घुसतो, आणि त्यामागे मठाच्या चर्चचा मधला अक्ष त्याच रेषेत होता. ड्राफ्ट्समनला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

मठ १५३९मध्ये बंद झाला आणि लोकांनी त्याचे घडीव दगड उचलून नेले. आज बागेत उरलेत ते भिंतींचे आतले गाभे, चुन्यात गारगोट्या अडकलेले, अगदी दाण्याच्या चिक्कीसारखे. गंमत म्हणजे चर्चच्या पश्चिमेच्या दर्शनी भिंतीचे जे अवशेष उरले, त्यांच्या पोटातच नंतर लोकांनी घरं बांधली. खिडक्या, पडदे, पत्रपेटी सगळं आहे. मी तिथे बराच वेळ उभा होतो. आपल्याकडे याला दबाण, म्हणजे अतिक्रमण, म्हणून नोटीस लागली असती, तिथे तेच आता वारसा म्हणून जपतात.

मठ आणि गावकरी यांचं विळ्याभोपळ्याचं नातं होतं, आणि भांडणाचं मूळ अर्थातच पैसा. सॅमसन नावाचा मठाधिपती होऊन गेला, मोठा हिशेबी. त्याच्या काळात ईलीच्या मठानं लेकनहीथला राजाची सनद आणून नवा बाजार सुरू केला. सॅमसननं रात्री सहाशेच्या आसपास हत्यारबंद माणसं धाडली. व्यापारी कोणी सापडले नाहीत, तर त्यांनी खाटकांचे ओटे उलथले आणि गुरं-मेंढ्या हाकून नेल्या. हे त्याच्याच मठातल्या भिक्षूनं लिहून ठेवलंय. दबाण हटवायला आम्ही एक ट्रक आणि चार पोलीस घेऊन जायचो, तेवढ्यातही वरून फोन यायचे.

१३२७मध्ये गावकऱ्यांनी उलटून मठ लुटला आणि मोठा दरवाजा पाडला. आज एंजल हिलवर जो भरभक्कम दरवाजा दिसतो तो त्यानंतर बांधलेला आहे. मूर्तींसाठी केलेल्या कोनाड्यांच्या मागे बाण सोडायच्या फटी आहेत, त्या शोधा. समोर संत, मागे तिरंदाज. त्याच चौकात १९३५चा आतून दिवा लागणारा रस्ता दाखवणारा खांब आहे, तोही वारसा-यादीत. मोइजेस हॉल बाराव्या शतकातली दगडी इमारत, बाजाराला तोंड करून उभी, आत संग्रहालय.

बाजारात मात्र सकाळी जा. साडेआठच्या सुमाराला नेहमीचे लोक आपापल्या ठरलेल्या जागी लावत असतात आणि बाजूला दोन-चार गाडीवाले नुसते ताटकळत उभे दिसतात. ते बिनजागेवाले. नेहमीचा कोणी आला नाही की बाजाराचा माणूस त्यांना ती जागा देतो. हा क्षण मला कुठल्याही कॅथेड्रलपेक्षा प्यारा आहे. भाजी-फळं काही ठिकाणी वाडग्यावर विकतात. स्टीलच्या वाडग्यात पाच-सहा आलुबुखार, एक वाडगं एवढ्याला, उचलून पिशवीत उपडं. वजन नाही, घासाघीस नाही. सप्टेंबरात आलुबुखार आणि सफरचंदं ऐन भरात असतात. चारनंतर गेलात तर आवराआवर चालू असते, पण शेवटचे वाडगे स्वस्तात सुटतात.

लॅव्हनहम. बेरीहून बसनं पोचता येतं, रेल्वे १९६०च्या दशकातच बंद झाली. हे बाबांचं गाव. लोकर आणि निळं कापड यांवर इतकं श्रीमंत झालं की पंधराव्या शतकाच्या शेवटी यॉर्क आणि लिंकनसारख्या मोठ्या शहरांपेक्षा इथून जास्त कर जायचा. मग हलक्या, स्वस्त कापडाची चलती झाली, परदेशातून आलेले विणकर कोलचेस्टरला बसले आणि लॅव्हनहमचा धंदा बसला. लोकांकडे घराचा दर्शनी भाग नव्या फॅशनचा करायला पैसाच उरला नाही. म्हणून ट्यूडर काळातलं लाकडी गाव जसंच्या तसं राहिलं. दारिद्र्यानं राखलेलं वैभव आहे ते.

घरं वाकडी का, तर ओक ओला असतानाच वापरायचे. ओला ओक कापायला सोपा, पण वाळताना पीळ खातो. सांगाडा आधी सुताराच्या आवारात जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग सुटा करून जागेवर नेऊन पुन्हा उभा करायचा, लाकडी खुंट्या ठोकून. या खुणा तुळयांवर अजून दिसतात. बाबांना छोटी बॅटरी दे. चौकातला गिल्डहॉल साधारण १५३०च्या आसपासचा, नॅशनल ट्रस्टकडे आहे. पुढे तो तुरुंगही झाला आणि अनाथ-गरिबांचं कामघरही. चर्चचा मनोरा १४१ फूट, अर्ल ऑफ ऑक्सफर्ड आणि स्प्रिंग नावाच्या कापडवाल्याच्या पैशातून उभा राहिला. मनोऱ्यावर सरदाराचा तारा आणि व्यापाऱ्याचं चिन्ह, दोन्ही कोरलेत. देणगीदारांच्या पाट्या काही आपल्याच देवळांत नसतात.

सॅफ्रन वॉल्डन. मंगळवार किंवा शनिवार. ऑडली एंड स्टेशनला उतरायचं, तिथून गाव तीनेक किलोमीटर, बस मिळते. एके काळी इथे खरंच केशर पिकायचं. चौकाच्या एका बाजूला बोळांचं जाळं आहे: मुळात ती पालांची रांग. पाल रोज काढायचा कंटाळा आला, मग फळी ठोकली, मग छप्पर, मग वर माडी. बाजाराचा अर्धा चौक असा गिळला गेला. मध्ययुगातलं दबाण डोळ्यांनी बघायचं तर इथे बघ. माळावर गवतात कोरलेला भूलभुलैया आहे, पण तो जमिनीसरसा आहे, हरवायला होत नाही.

केतकी_दांडियाबाजार

काका, बाबांना मोबाईल वाचायला दिला तो परत मिळायला तयार नाही. पट्टी काढून बसलेत.

बेरी आणि लॅव्हनहम एका दिवसात होईल का? आणि केंब्रिजहून बेरीला जाताना गाडी न्यूमार्केटवरून जाते असं दिसतंय. तिथे उतरण्यासारखं काही आहे का?

नीलेश_अलकापुरी

न्यूमार्केटला उतरायचं नाही? बडोदेकर असून?

केतकी, बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांचं नाव घोड्यांच्या जगात तिथे कसं गाजलं ते ऐक. १९४५मध्ये त्यांनी एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. तेवढ्या वयाच्या घोड्याला त्या वेळेपर्यंत इतकी किंमत कधी आली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी ही मोठी शर्यत जिंकला होता. (युद्धामुळे ती डर्बी एप्समऐवजी न्यूमार्केटलाच झाली होती.) शिंगराचं नाव ठेवलं 'सयाजीराव', म्हणजे थेट आजोबांचं! आमच्या आजीला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला होता. पण घोड्यानं नाव राखलं. १९४७मध्ये आयरिश डर्बी आणि सेंट लेजर दोन्ही जिंकला. पुढच्या वर्षी महाराजांचाच 'माय बाबू' न्यूमार्केटला टू थाउजंड गिनीज जिंकला.

यासाठी त्यांनी न्यूमार्केटला वॉरन प्लेस हा तबेला घेतला आणि आर्मस्ट्राँग या ट्रेनरला यॉर्कशरच्या मिडलहममधून तिथे आणलं. बडोद्याचं राज्य १९४९मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, १९५१मध्ये महाराजांची गादी गेली, तबेलाही दुसऱ्या हातात गेला. त्याच वॉरन प्लेसमध्ये पुढे हेन्री सेसिल या ट्रेनरनं फ्रँकेल या घोड्याला तयार केलं. चौदा शर्यती, चौदा विजय. घोड्यांचा नाद असलेल्या कुणालाही विचारा.

तबेला खासगी आहे, आत जाता येत नाही. पण त्यासाठी आत जायची गरजही नाही. सकाळी सातच्या सुमाराला वॉरन हिलच्या पायथ्याशी मोल्टन रोडवर उभे राहा. घोड्यांच्या रांगा चढावर धावतात. आधी नुसता श्वासाचा आवाज येतो, मग टापा. गावात घोड्यांसाठी वेगळ्या वाटा आहेत आणि रस्ता ओलांडायच्या सिग्नलचं बटण स्वाराच्या हाताला लागेल इतकं उंच बसवलंय. मोटारवाले निमूट थांबतात. आपल्याकडे गाय थांबवते तशी नव्हे, हा रीतसर कायदा.

मग पॅलेस हाउस: दुसऱ्या चार्ल्स राजाच्या राजवाड्याचा उरलेला भाग, २०१६पासून तिथे घोड्यांच्या शर्यतींचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. हा राजा स्वतः शर्यतीत उतरायचा. रौली माइल हे धावपट्टीचं नाव त्याच्या आवडत्या घोड्यावरून पडलंय. सप्टेंबरच्या शेवटी तिथे मोठ्या शर्यती असतात, तेव्हा गाड्या भरलेल्या असतील. काकांना ओट्यांचं वेड आहे, मला हे. केंब्रिजहून वीस-पंचवीस मिनिटं, पहिल्या गाडीनं जा.

दक्षिणी_पोर

सगळं छान आहे, पण एक विचारू का? हे सगळे वाडे, मनोरे, राजवाडे आपल्याकडून नेलेल्या पैशावरच उभे ना? आपणच तिकीट काढून बघायचं आणि वर वा-वा करायची. घोड्यांचंही तेच. २८,००० गिनी कुणाच्या? बडोद्याच्या रयतेच्या.

मनोहरकाका_वाडी

पोरा, घोड्यांबद्दल तुझं बरोबर आहे. महाराजांच्या त्या खर्चावरून तेव्हा बडोद्यातही बरंच बोललं गेलं होतं.

पण हिशेब तारखेनं करावा. ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६००मध्ये. लॅव्हनहमचा मनोरा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्या गावाची भरभराट आणि उतरती कळा, दोन्ही त्याआधीच होऊन गेली. ती मेंढ्यांची आणि विणकरांची कमाई. विणकरांना किती मिळाली आणि कापडवाल्याला किती, हा हिशेब वेगळा. बेरीचा मठही तसाच, त्यानं लुटलं ते आपल्याच गावकऱ्यांना. अठराव्या शतकातल्या हवेल्या आणि बागांपाशी मात्र तुझा प्रश्न जरूर विचार. तिथे अनेकदा उत्तर 'हो' येतं.

आणि तिकीट काढून बघायचंच तर थेटफर्ड बघ. केंब्रिजहून नॉर्विचच्या गाडीनं ईलीवरून. नदीतल्या बेटावर महाराजा दुलीपसिंगांचा घोड्यावरचा पुतळा आहे, १९९९मध्ये उभारलेला. लाहोरचं तख्त गेलं, कोहिनूर गेला, मुलाला इंग्लंडला नेलं. पुढे त्यांनी जवळच एल्व्हडनची जहागीर १८६३मध्ये घेतली आणि इंग्रजी घराच्या आत हिंदुस्थानी थाटाची दालनं करवून घेतली. १८९३मध्ये पॅरिसला वारले. शिखांचा महाराजा एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात पुरलेला आहे. कबर साधी आहे. थेटफर्डमधलं एन्शंट हाउस हे ट्यूडर काळातलं व्यापाऱ्याचं घर त्यांच्या मुलानं, प्रिन्स फ्रेडरिकनं, गावाला संग्रहालयासाठी देऊन टाकलं. म्हणजे इंग्रजांचा वारसा राखणाऱ्यांत रणजितसिंगांचा नातू आहे. तुझ्या हिशेबाच्या वहीत हे कुठल्या बाजूला लिहायचं ते तू ठरव.

केतकी, बेरी आणि लॅव्हनहम एका दिवसात नको. बस तासातासाला मिळेलच असं नाही, आणि परतीची शेवटची बस तुमच्या मनात असते त्याच्या आधी जाते.

शुभदा_लेस्टर

माहेर बडोद्याचं, घडियाळी पोळच्या मागे. आता बरीच वर्षं इकडे. काकांनी इतिहास सांगितला, मी रोकडं सांगते.

१. बाबा साठीच्या पुढचे आहेत ना? सीनियर रेलकार्ड काढा. परदेशी पासपोर्टवरही मिळतं, तिकिटात एक तृतीयांश सूट. सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना काही ठिकाणी अटी असतात, त्या बघून घे. तू आणि बाबा कायम बरोबरच फिरणार असाल तर दोघांचं मिळून एक कार्ड असतं, त्याचाही हिशेब कर.

२. बसला २०२५पासून इंग्लंडमध्ये बहुतेक मार्गांवर एका फेरीला जास्तीत जास्त तीन पौंड आहेत. तुम्ही याल तेव्हा चालू आहे का ते वहिनीला बघायला सांग. रविवारी खेड्यांच्या बसचा भरवसा धरू नकोस. टॅक्सी करायची वेळ आली तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

३. सप्टेंबरात येताय हे फार उत्तम. हेरिटेज ओपन डेज याच महिन्यात दहा दिवस असतात, १९९४पासून चालू आहेत. एरवी बंद असलेल्या किंवा तिकिटाच्या जागा फुकट उघडतात: जुन्या धर्मशाळा, कोर्टाच्या खोल्या, घड्याळाच्या मनोऱ्यातली यंत्रं. बाबांसारख्या माणसाची दिवाळी. काही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं आणि जागा पटापट संपतात, तेव्हा यादी आली की बसच.

४. खाणं. भाजलेला सालासकट बटाटा, वर चीज नाहीतर बीन्स, हे कुठेही मिळतं आणि पोट भरतं. सूप घेताना आत चिकनचं पाणी नाही ना ते विचार, नाव भाजीचं असलं तरी. चीजच्या बाबतीत बाबा कडक असतील तर पाकिटावर शाकाहारी लिहिलेलं बघ. चहाबरोबर स्कोन घ्या. बाबांना नानकटाईची आठवण येईल अशी आशा धरू नका, पण जॅम लावल्यावर बरा लागतो.

५. गुडघा. गावं सपाट आहेत, ते काळजीचं नाही. त्रास दगडी फरसबंदीचा होतो. जाड तळव्याचे बूट.

आता माझं आवडतं गाव: स्टॅमफर्ड. केंब्रिजहून बर्मिंगहॅमकडे जाणारी थेट गाडी, तासाभरापेक्षा थोडं जास्त. बाजार शुक्रवारी. मी इथे पाहुण्यांना नेते आणि प्रत्येक जण म्हणतो, अगं हे आधी का नाही सांगितलंस. अख्खं गाव एकाच मधाळ चुनखडीच्या दगडाचं, मध्ययुगातली पाच चर्चं, आणि मध्ये अठराव्या शतकातल्या घरांच्या रांगा. लॅव्हनहमचं जसं कापड गेलं तसं स्टॅमफर्डचं रेल्वेनं केलं. उत्तरेचा मोठा घोडागाड्यांचा रस्ता इथून जायचा, सरायांची चंगळ होती. रेल्वेची मुख्य लाइन मात्र पीटरबरोवरून गेली. पीटरबरो वाढलं, कारखान्यांनी भरलं. स्टॅमफर्ड मागे राहिलं आणि वाचलं. १९६७मध्ये इंग्लंडमधलं पहिलं संरक्षित क्षेत्र म्हणून याच गावाचं नाव लागलं.

जॉर्ज हॉटेलची पाटी बघा, भर रस्त्यावर आडवी तुळई टाकून टांगलेली आहे. ब्राउन्स हॉस्पिटल हे दवाखाना नव्हे, लोकरीच्या व्यापाऱ्यानं पंधराव्या शतकात बांधलेलं गरीब म्हाताऱ्यांचं घर. सेंट मार्टिन्सच्या स्मशानात डॅनियल लँबर्टची कबर आहे, आमच्या लेस्टरचा. १८०९मध्ये वारला तेव्हा वजन ५२ स्टोन, म्हणजे तीनशे किलोंच्या वर. शवपेटी खाली उतरवायला उतार खणावा लागला होता. बर्ली हाउस गावापासून चालत जाण्यासारखं आहे, एलिझाबेथ राणीच्या सेसिल या मंत्र्यानं बांधलेलं. फक्त महिन्याच्या सुरुवातीला तिथे घोडेस्वारीच्या मोठ्या स्पर्धा असतात, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. तो आठवडा टाळ.

केतकी_दांडियाबाजार

शुभदाताई, काका, नीलेश, मनापासून आभार.

बाबांनी आखलंय ते असं. मंगळवारी सॅफ्रन वॉल्डन. बुधवारी बेरी, आणि पुन्हा एका शनिवारी बेरीच, कारण "एका फेरीत छेद कळतो, दुसऱ्या फेरीत तपशील." शुक्रवारी स्टॅमफर्ड, पण दुसऱ्या आठवड्यानंतर. लॅव्हनहमला एक अख्खा दिवस. न्यूमार्केटला पहाटेची गाडी. थेटफर्ड ईलीबरोबर जोडून. दादाला शनिवारी बेरीला ओढून नेणार आहोत.

एकच राहिलं. लॅव्हनहमला तुळयांवरच्या त्या खुणा बघायला वर चढावं लागतं का?

मनोहरकाका_वाडी

सगळ्या वर नसतात. जिथे उभा खांब आणि आडवी तुळई मिळते तिथे, नजरेच्या उंचीवरही सापडतात. आधी खुंटी शोधायची, मग तिच्या आसपास दोन्ही लाकडांवर एकच आकडा आहे का ते बघायचं. बॅटरी सरळ न मारता कडेनं तिरपी धरा, कोरलेलं उठून दिसतं. गिल्डहॉलमध्ये सुरुवात करा आणि तिथल्या स्वयंसेवकांना विचारा. ते बहुतेक निवृत्त लोक असतात, कोणी विचारायची वाटच बघत असतात. बाबा आणि ते गप्पांत रंगले तरी बस चुकणार नाही एवढं मात्र बघ.

सप्टेंबरात मीही मुलीकडे आहे. शनिवारी बेरीला येणार असाल त्याच्या आधी इथे लिही. मोइजेस हॉलसमोर साडेआठला भेटू, म्हणजे बिनजागेवाल्यांना जागा वाटतात ते बघायला मिळेल. येताना रावपुऱ्यातला हिरवा चिवडा आणता आला तर बघ, इकडे तो मिळत नाही.